आधी माझी झडती

मंगळवार, ४ जानेवारी १९९४

श्रीगुरुबसवलिंगाय नमः.

लेक दामिनीच्या अकरावीच्या वहीत मागची चाळीस पानं कोरी निघाली. रद्दीत घालण्यापेक्षा रोजनिशी लिहावी म्हटलं. लिहिण्याजोगं आजवर काही घडत नव्हतं. आज घडलं.

मला नोकरी लागली.

दुपारी तहसील कचेरीचा हवालदार सिद्धराम आला. कचेरीच्या मागं जे लहान जेल आहे, तिथं उद्या-परवा एक बाई कैदी येणार आहे. बाईची झडती बाईनंच घ्यायची असा नियम, आणि साऱ्या जेलात बाई म्हणाल तर ती कैदीच! म्हणून ती आत असेपर्यंत रोजंदारीवर कुणी मॅट्रिक पास, बऱ्या घरची बाई पाहिजे. सकाळी कोठडी उघडताना एक झडती, संध्याकाळी बंद करताना एक. नायब तहसीलदार साहेबांनी ह्यांना विचारलं, कारण हे आडतीत मुनीम, कचेरीत रोजचं जाणं-येणं.

हे म्हणाले, "लोक म्हणतील गुरुपादप्पाची बायको आत गेली."

मी म्हणाले, "संध्याकाळी बाहेर येईन की."

सिद्धराम म्हणाला, "आप्पा, वैनीला शिकवायचं काय हाय त्यात? घरात कुणाच्या खिशात काय हाय ते बाईलाच ठाव असतंय."

यावर हे गप्प झाले. का ते कळलं नाही. पण गप्प म्हणजे होकार.

रात्री अंगणात पत्र्याखाली पडलो होतो. किल्लारीच्या भूकंपापासून घरात कुणी झोपत नाही, भिंतीला हात लावला तरी दामिनी दचकते. मला एकदम हसू फुटलं आणि थांबेचना. हे म्हणाले, "पुन्हा हादरलं का काय?"

बुधवार, ५ जानेवारी

सिद्धरामनं नियमांचा कागद आणून दिला. बारा नियम, सरकारी मराठीत. "झडती सभ्यतेने, पुरुषांच्या नजरेआड व कारण सांगून घ्यावी." हे मला फार आवडलं. कुणाच्या अंगाला हात लावण्याआधी कारण सांगायचं! घरोघरी लावायला पाहिजे हा नियम.

दामिनी बारावीला आहे, रोज एस.टी.नं लातूरला ट्यूशनला जाते. म्हणाली, "आई, पाठच कर. आमचे सर म्हणतात समजलं नाही तरी चालेल, पाठ पाहिजे." तिनं लाल पेनानं महत्त्वाच्या नियमांवर चांदण्या केल्या आणि माझी सराव परीक्षा घेतली.

"नियम दोन?"

"झडती घेणाऱ्या स्त्रीने प्रथम स्वतःची झडती समोरच्या स्त्रीस द्यावी."

"का?"

"का ते लिहिलेलं नाही."

"आई, का ते येणार परीक्षेत! म्हणजे तू स्वतःजवळची वस्तू तिच्या अंगावर टाकून तिच्यावर आळ घेऊ नयेस."

मग लेखी घेतली, बारापैकी साडेअकरा पडले. अर्धा अक्षरासाठी कापला.

नंतर ह्यांच्यावर प्रयोग केला. ही झडती सुरक्षेच्या कारणास्तव आहे असं आधी सांगितलं. बंडीच्या आतल्या खिशात तेलकट कागद सापडला, भज्यांचा वास येणारा. डॉक्टरांनी ह्यांचं तळण बंद करून दोन वर्षं झाली. हे म्हणाले, "वाऱ्यानं आला असंल."

गुरुवार, ६ जानेवारी

पहिला दिवस. आणि आत कोण असेल? खातूनबी!

गावची बांगडीवाली. माझ्या लग्नातला हिरवा चुडा हिनं भरला. गावातल्या एकूण एक बाईचा हात हिला पाठ. आम्ही सगळ्या तिला खाला म्हणतो.

केलं काय, तर काच फोडली. तिची नात सुमय्या बसस्टँडसमोरच्या एका क्लासात जायची. क्लासवाल्यांनी पोरीचं अस्सल गुणपत्रक ठेवून घेतलं आणि क्लास बदलायचा म्हटल्यावर देईनात. खालानं सहा खेपा घातल्या. सातव्या खेपेला दुरडी खाली ठेवली, एक धोंडा उचलला आणि ऑफिसची अख्खी काच खाली आणली. वर जामीनदारही द्यायला तयार नाही. "मैं चुकले न्हाई, तो मेरा जामीन कायकू?"

मी कागद धरून नियमाप्रमाणे सुरुवात केली. "खाला, ही झडती सुरक्षेच्या कारणास्तव..."

"बोल, बोल. लई चांगलं बोलती. चुडा भरताना तर भोकाड पसरलं होतं!"

"आधी माझी झडती घे."

"तेरी? मैं?" खालाचे डोळे एवढाले झाले. मग हसायला लागली, मीही लागले. दाराच्या पलीकडे पाठ करून उभा असलेला सिद्धराम खाकरला.

माझ्याजवळ निघालं ते असं: किल्ल्यांचा जुडगा, सेफ्टी पिना सात, प्रसादाच्या खोबऱ्याचा तुकडा कागदात, उजव्या कमरेला विभूतीची डबी. गळ्यातल्या इष्टलिंगाशी तिचा हात आला आणि आपोआप मागं गेला. "ये तू दिखा." मी लिंग तळहातावर घेऊन दाखवलं, क्षणभर डोळे मिटले, परत ठेवलं. ते अंगापासून दूर करायचं नसतं हे तिला ठाऊक होतं. तिचा तावीज मग तिनंच धरून दाखवला, मी हात लावला नाही. नियम पाच. धार्मिक वस्तूंचा मान.

डाव्या कमरेला दुसरी डबी. बामच्या रिकाम्या डब्या दोन्ही, टाकून कशाला द्यायच्या? खालानं झाकण उघडलं, हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"दातांचं औषध," मी म्हणाले.

"हौ," खाला म्हणाली. "मेरे भी दात लई दुखते."

इथं लिहून ठेवते. सहा वर्षांपूर्वी मठात स्वामींसमोर मी तंबाखू सोडली, ती सोडली. हे औषध आहे. मी स्वतः तव्यावर भाजते, कुटते, वस्त्रगाळ करते. दाढेसाठी. दाढ आता दुखत नाही ती त्याच्यामुळंच. कागदात तंबाखूला मनाई आहे, औषधाचं नाव नाही.

पुढची पंचाईत म्हणजे खालाच्या बांगड्या. काचेची वस्तू जमा करायची. मी विचारलं, "फोडू?"

"तोबा! फोडते कायकू? साबण ला." मग तिनं माझाच हात घेऊन शिकवलं. हाताला फेस लावायचा, अंगठा तळव्यात मुडपायचा, अंगठ्यामागचं हाड दाबायचं आणि बांगडी फिरवत आणायची. "ढीला छोड गे! मुंडी तोडायची का कोंबडीची?" सहा बांगड्या आख्ख्या निघाल्या. वहीत लिहिलं: काचेच्या बांगड्या सहा, न फुटता.

घरी येताना वाटेत एकटीच हसत होते. समोरून दोन बायका आल्या तेव्हा खोकले.

शनिवार, ८ जानेवारी

सिद्धरामजवळ तंबाखूची पुडी आहे हे मला कालच दिसलं होतं. आज फाटकातच हटकलं. पुरुषाची झडती मी घेऊ शकत नाही, नियम एक. म्हणून म्हणाले, "भाऊजी, आपले खिसे आपणच उलटे करा."

"वैनी, मी कैदी न्हाई!"

"आत जाणारी प्रत्येक व्यक्ती, असं लिहिलंय."

पुडी जमा केली, पावती दिली. तोंड पाडून दिवसभर पिंपळाखाली बसून राहिला. वाईट वाटलं, पण व्यसन ते व्यसनच. संध्याकाळी पावती दाखवून पुडी घेतली आणि म्हणाला, "तुमच्यापरीस भूकंप बरा."

सोमवार, १० जानेवारी

औषधाची डबी महिनाभर पुरते. दर पहिल्या तारखेला भरते, आज दहालाच तळ दिसला. गळत नाही, ओल नाही. झाकण सैल झालं असावं. दुपारी पुन्हा भाजलं. दामिनी शिंकत आली, तिला सांगितलं मिरच्या भाजते आहे. हे ओसरीवर खोकत होते.

खाला मात्र जेलात छान रुळली. दाताचं दुखणं थांबलं म्हणते. सकाळ-संध्याकाळ झडतीची वाटच बघत असते.

मंगळवार, ११ जानेवारी

पहाटे अंधारात पूजा आटोपली, घाईनं विभूती लावली आणि निघाले. कोपऱ्यावर दुधवाल्या वीरण्णानं सायकलवरून उतरून विचारलं, "अक्का, कुणी गेलं का?" घरी परतून आरशात पाहते तर कपाळावर काळे तीन पट्टे! डब्या बदलल्या होत्या. देवा, माफ कर. आजपासून दोऱ्याची खूण केली आहे, विभूतीच्या डबीला पांढरा, औषधाच्या डबीला तांबडा.

बुधवार, १२ जानेवारी

आज पुन्हा जमीन हादरली, पण हसूही येतं आहे.

सकाळची झडती चालली होती. खालाचे केस मोकळे सोडून बघत होते. एकाएकी पायाखालून बैलगाडी गेल्यासारखं झालं, पत्रे खडखडले. सिद्धराम "आई गं!" म्हणून असा पळाला की फाटक सताड उघडं टाकून थेट रस्त्यावर. मी आणि खाला एकमेकींना घट्ट धरून अंगणात. ती तिच्या देवाला हाका मारत होती, मी माझ्या.

थांबल्यावर पाहिलं तर समोर उघडं फाटक, त्यापलीकडे बाजार.

"खाला, जायचं नाही हं," मी म्हणाले. दुसरं काही सुचेना.

"कहां जाऊं? केस मोकळे, हात नंगे. बांगडीवालीचे नंगे हात बाजारात दिसले, तो धंदा बुडा!"

मग आम्ही दोघींनीच फाटक ओढून घेतलं. बाहेर आलो म्हणजे झडती पुन्हा पहिल्यापासून, नियम अकरा. म्हणून मी पुन्हा आधी माझी दिली. सिद्धराम परत आला तेव्हा मी वही भरत होते. "वैनी, माझं पळणं त्यात लिहू नका." मी म्हणाले, "ही झडतीची वही आहे, पळण्याची नाही."

शुक्रवार, १४ जानेवारी. संक्रांत

जन्मात अशी संक्रांत झाली नाही.

बांगडीवाली आत, म्हणजे गावातल्या बायकांचे हात जुन्याच बांगड्यांत. दुपारी चौदा जणी तिळगूळ घेऊन भेटीला आल्या. साहेबांनी परवानगी दिली, एकेक करून. प्रत्येकीची झडती मला घ्यायची. आणि नियम दोन?

चौदा बायकांनी आधी माझी झडती घेतली!

कमलम्मानं तर मान, काख, कंबर चाचपून झाल्यावर विचारलं, "नीलाबाई, वजन लई उतरलं की! काय खातीस?" सिद्धम्मानं माझ्या झंपराची शिलाई आतून पाहून घेतली. कुणी गुदगुल्या केल्या. फडताळाआड आम्ही एवढ्या खिदळत होतो की नायब तहसीलदार साहेबांनी शिपाई पाठवला, आत मारामारी चालली आहे का बघायला. औषधाची डबी आज घरीच ठेवली होती. दुपारनंतर डोकं असं धरलं की तिळगूळही कडू लागला.

बांगड्या आत नेता येत नाहीत. म्हणून खालानं गजांतून प्रत्येकीचा हात नुसता दाबून पाहिला आणि मला मापं सांगितली. सगळ्यांना शब्द दिला, सुटले की घरी येऊन भरीन, रथसप्तमीपर्यंत संक्रांतच.

शेवटी तिनं माझा हात धरला. "तेरा नै लिखना. तेरा मालूम है."

रविवार, १६ जानेवारी

सिद्धरामनं आज दोन बातम्या दिल्या.

एक, बुधवारी खालाची तारीख. जेलातून चांगल्या वर्तणुकीचा कागद गेला तर कोर्ट तिला तिच्या स्वतःच्याच जातमुचलक्यावर सोडेल, जामीनदार लागणार नाही. पण आत असताना जवळ मनाईची काही वस्तू सापडली तर तसं लिहून जाईल आणि मुक्काम वाढेल. तिकडे सुमय्याची परीक्षा तोंडावर, घरात तिच्याजवळ दुसरं कुणी नाही.

दोन, मंगळवारी लातूरहून पाहणीला बाईसाहेब येणार. त्यांचा शेरा चांगला पडला तर माझं नाव कायमच्या यादीत. पुढं कधीही बाई कैदी आली की बोलावणं मलाच.

पूजेला बसले पण काय मागावं कळेना. खाला सुटली की माझं काम संपलं. न सुटली तर काम चालू. शेवटी म्हणाले, बसवण्णा, तुला समजेल ते कर. नंतर वाटलं हे गुळमुळीत झालं. परत बसले आणि म्हणाले, खालाला सोडव. बाकीचं यादीत.

मंगळवार, १८ जानेवारी

झालं ते जसंच्या तसं लिहिते.

डबी आज घरी ठेवणार होते. पण संक्रांतीची डोकेदुखी आठवली, आणि पाहणीत नियम विसरले तर? म्हणून घेतली. डावीकडे, तांबडा दोरा.

बाईसाहेब उंच, चष्म्याच्या, आवाज मऊ. म्हणाल्या, "रोज करता तशीच झडती करून दाखवा." मी बाराच्या बारा नियम न अडखळता म्हटले. त्यांनी चष्मा काढून विचारलं, "कुणी शिकवलं?" मी म्हणाले, "मुलगी लातूरला ट्यूशनला जाते."

मग आधी माझी झडती. खालानं वरून खाली हात फिरवले. बाईसाहेब दोन हातांच्या अंतरावर उभ्या. खालाचा हात डाव्या कमरेशी आला, थांबला, पुढं गेला. "किल्ल्या. पिना. ये इसकी विभूती. और कुछ नै, साब." मला वाटलं पाहणीच्या गडबडीत तिचं लक्ष नव्हतं. बरं वाटलं.

मग तिची. कारण सांगितलं. नियमाप्रमाणे केस आधी. अंबाडा सोडायला बोटं घातली आणि बोटांना दोरा लागला.

न पाहताच कळलं की तांबडा.

कमरेवरून केव्हा काढली, अंबाड्यात केव्हा खोचली, देवालाच ठाऊक. ज्या हातानं लग्नातला घट्ट चुडा मला न कळता चढवला तोच हात. खाला ओठ न हलवता पुटपुटली, "छोड ना गे. आगे चल."

पुढं जाता आलं असतं. बाईसाहेबांना माझी पाठ दिसत होती. पण हातापासून सहा बोटांच्या अंतरावर, छातीशी माझं इष्टलिंग होतं. आणि डबी वर काढून नुसतं "सापडली" म्हटलं असतं, तर उद्याच्या कागदावर ती खालाची झाली असती.

मी डबी काढून हातावर घेतली. "बाईसाहेब, वस्तू सापडली. कैद्याच्या केसांत. पण कैद्याची नाही. माझी आहे."

"तुमची?"

"माझ्या कमरेची. तिनं मला वाचवायला काढली. आळ तिच्यावर नको."

खाला म्हणाली, "झूट बोलती साब, मेरीच हाय!"

"खाला, गप. दोरा कुणाच्या लुगड्याचा आहे बघ!" मी पदर पुढं केला. तांबडा काठ.

बाईसाहेबांनी झाकण उघडलं. "काय आहे हे?"

"औषध."

"कसलं?"

"दातांचं."

त्यांनी नाकाशी नेलं आणि अशा शिंकल्या, अशा शिंकल्या की चष्मा खाली. एक, दोन, पाच शिंका. सिद्धराम बाहेरून "सत्य! सत्य!" म्हणत होता. डोळे पुसून त्यांनी पुन्हा मऊ आवाजात विचारलं, "कसलं औषध, नीलाबाई?"

छातीवर लिंगाचं वजन एवढं कधी वाटलं नव्हतं.

"मिसरी," मी म्हणाले. "भाजलेली तंबाखू."

"नियम नऊ सांगा."

"सापडलेली वस्तू कोणाजवळ मिळाली व कोणाची आहे ते नोंदवून दोघींच्या सह्या घ्याव्यात."

"मग घ्या."

मी वहीत माझ्या हातानं लिहिलं: मिसरीची डबी एक. मालक, झडती घेणारी स्वतः. सही केली. खालानं अंगठा दिला. बाहेरून सिद्धराम म्हणाला, "वैनी, पावती घ्यायला विसरू नका."

संध्याकाळी ह्यांना सगळं सांगितलं. हे शांतपणे भाकरी मोडत म्हणाले, "आज कळलं व्हय तुला? मी सहा वर्षं तुझ्या मिरच्यांनी खोकून राहिलो."

बुधवार, १९ जानेवारी

खाला सुटली! वर्तणुकीचा कागद स्वच्छ गेला. कोर्टानं क्लासवाल्यांनाही विचारलं म्हणे, गुणपत्रक कशासाठी ठेवलं? काचेचा खटला चालेल तेव्हा चालेल, गुणपत्रक दुपारीच घरपोच आलं.

जाताना शेवटची झडती घेतली. बांगड्या सहा, न फुटता, परत. माझं काम दोन वाजता संपलं. रिकामी कोठडी झाडून घेतली. कुणी सांगितलं नव्हतं.

बाईसाहेबांचा शेरा सिद्धरामनं वाचून दाखवला: "झडती नियमाप्रमाणे. झडती घेणाऱ्या बाईची झडती अधिक काळजीपूर्वक घ्यावी." घ्यावी म्हणजे पुढंही मीच असणार, असं दामिनी म्हणते. सिद्धराम म्हणतो, तसं काही नाही. मी दामिनीचं धरलं आहे, ती ट्यूशनला जाते.

शुक्रवार, २१ जानेवारी

काल खाला दुरडी घेऊन घरोघरी फिरली. आज आमच्याकडं आली. पत्र्याखाली चटई टाकली. मी हात पुढं केला तर म्हणते, "ठैर. पहले झडती."

"आता कशाला, खाला?"

"कारण सांगू? सुरक्षा!"

हे उठून बाहेर गेले. नजरेआड, नियमाप्रमाणे. खालानं डावी कंबर चाचपली. काही नव्हतं.

"छोडी?" तिचा आवाज हळवा झाला.

मी उजवीकडून पदर ओढून घेतला. खाला म्हणाली, "नियम सात. दोन्ही बाजू." आणि उजवी चाचपली.

पावतीवर परत मिळालेली तांबड्या दोऱ्याची डबी तिनं एका बोटानं उघडली. मला सहा वर्षांत ते झाकण एका बोटानं उघडता आलं नाही, दर वेळी नख मोडतं. बांगड्यांचा हात, दुसरं काय. अंदाजही किती बरोबर! चिमूट उचलली ती माझ्याएवढीच.

हिरव्या बांगड्या भरल्या, डझनाला दोन जास्त. एकही फुटली नाही. मग काळ्या दातांनी तिळगूळ खाल्ला.

सोमवारी मठात जाईन. स्वामींना कारण आधी सांगेन, मग डबी पुढं ठेवेन. तोपर्यंत इथं खरं ते लिहून ठेवते: मिसरी, उजव्या कमरेला. आज दोन चिमटी. एक माझी, एक खालाची.